पुढच्या सीटवर कोण बसणार?

(मंडळाच्या गणेशोत्सवात सर्वण येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हा दोघांना बोलायला सांगितले तेव्हा विषय आमच्यावर सोडला होता. या मंडपात संतसाहित्यावर, नाट्यसंगीतावर, गोव्याच्या मुक्तिलढ्यावर चांगली चांगली व्याख्याने होतात. आम्ही त्यांतले जाणकार नाही. आमच्यापैकी एकाने हायस्कुलात विज्ञान शिकवले, एकीने बँकेत हिशेब सांभाळले. आता दोघेही निवृत्त. बोलायला एकच जण उभा असला तरी मजकूर दोघांनी मिळून लिहिला आहे, म्हणून ‘आम्ही’ म्हणूनच बोलतो.

विषय आहे मोटारीतल्या एअरबॅगचा. गणपतीच्या मंडपात हा काय विषय, असे कोणाला वाटेल. पण चवथीला घराघरांतली मुले-नातवंडे मुंबईहून, पुण्याहून, वास्कोहून, बेळगावहून मोटारी भरभरून मूळ घरी येतात. या पंधरा दिवसांत आपल्या अंगणात जेवढ्या गाड्या उभ्या असतात तेवढ्या एरवी नसतात. म्हणून हे सांगायचे तर याच दिवसांत, असे आम्ही ठरवले. दुसरे कारण असे की चूक आमच्याच हातून झाली होती.

गेल्या वर्षीची गोष्ट. मुलगा, सून आणि तीन वर्षांचा नातू पुण्याहून आंबोली घाट उतरून, दोडामार्गावरून दोन दिवस आधीच आले होते. चवथीच्या आदल्या दिवशी आम्ही डिचोलीच्या बाजारात माटोळीचे सामान आणायला निघालो. सून घरी नेवऱ्या करत होती, मुलगा सजावटीला लागला होता. नातू आमच्याबरोबर आला. त्या दिवशी बाजारात पाय ठेवायला जागा नसते, हे तुम्हाला सांगायला नको. सुपारीचे घोस, आंबाडे, केळीचा घड, नारळ, रानातली फळे असे सगळे घेऊन मागच्या सीटवर नीट लावले. केळीचा घड हलून काळा पडू नये म्हणून त्याला मागचा पट्टासुद्धा बांधला. मागे जागा उरली नाही. मग नातू पुढे, आजीच्या मांडीवर. आजीने स्वतःचा पट्टा लावला नव्हता, कारण लावला तर मुलाला रुततो.

परतताना सर्वणच्या जवळ वळणावर गाय आडवी आली. ब्रेक दाबला. वेग तीस-पस्तीसचा असेल. नातवाचे कपाळ समोर डॅशबोर्डवर आपटले आणि टेंगूळ आले. घरी येऊन हळद लावली, बाळाने गोमातेला नमस्कार केला म्हणून सगळे हसलो आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही गेलो.

डिसेंबरात वर्तमानपत्रात नवी मुंबईतली बातमी वाचली. वाशीत रात्रीच्या वेळी एक कुटुंब मोटारीतून चालले होते. पुढे जाणारी मोठी गाडी दुभाजकाला धडकली आणि तिचा मागचा भाग यांच्या बॉनेटवर येऊन आदळला. एअरबॅग उघडली. गाडीतले बाकीचे वाचले. पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा गेला. बाहेरून फारशी जखम नव्हती, मार आतला होता. त्याच वर्षी केरळात मलप्पुरम जिल्ह्यात आईच्या मांडीवर पुढे बसलेली दोन वर्षांची मुलगीही अशीच गेली होती.

ती बातमी वाचून आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही. चवथीच्या आदल्या दिवशी आमची गाडी कशावर आदळली नाही, म्हणून एअरबॅग उघडली नाही. आमच्या बाजूला नशिबाखेरीज काही नव्हते. केळीच्या घडाला पट्टा होता आणि मुलाला नव्हता.

त्यानंतर आम्ही वाचायला बसलो. जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

आमची समजूत अशी होती की एअरबॅग म्हणजे उशी. अपघात झाला की मऊ उशी पुढे येते आणि माणूस तिच्यावर डोके टेकतो. प्रत्यक्षात काय होते ते पाहा. गाडी जोराने आदळली की सेन्सरला ते कळते. एका छोट्या धातूच्या डबीतले रसायन विजेने पेटते, त्यातून वायू सुटतो आणि घडी घालून ठेवलेली नायलॉनची पिशवी सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत फुगते. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. एवढी घाई लागते, कारण आदळल्यानंतर माणूस पुढे फेकला जायलाही तेवढाच वेळ असतो. बाहेर येणाऱ्या पिशवीचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतो. पूर्ण फुगली की ती लगेच मागच्या छिद्रांतून वायू सोडत बसू लागते.

म्हणजे माणूस तिच्यावर टेकायला हवा तो ती फुगून झाल्यावर. ती फुगत असताना जो तिच्या अगदी जवळ असेल त्याला तिचा ठोसा बसतो. मोठ्या माणसाला तो छातीवर बसेल. लहान मूल पुढे बसले तर त्याचे डोके आणि मान नेमके तिच्या वाटेत येतात. मांडीवरचे मूल तर डॅशबोर्डला जवळजवळ टेकलेलेच असते. शिवाय ही पिशवी उघडायला भीषण अपघातच व्हावा लागतो असेही नाही. कठीण भिंतीवर ताशी १५ ते २५ किलोमीटरने आदळणेही पुरेसे होऊ शकते. डिचोलीच्या बाजारपेठेतसुद्धा याहून वेगाने गाड्या जातात.

मांडीवरचे मूल आपण घट्ट धरून ठेवू, असे प्रत्येक आईला आणि आजीला वाटते. विज्ञानाच्या मास्तरांनी घरी याचे गणित मांडून दाखवले. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून क्षणात थांबली की दहा किलोचे मूल त्या क्षणापुरते दीड-दोनशे किलोच्या ओढीने पुढे जाते. म्हणजे तांदळाची तीन-चार पोती. ती हातांनी धरून ठेवणारी आजी अजून जन्मायची आहे. आजीने पट्टा लावला नसेल तर तिचा स्वतःचा भारही मागून मुलावर येतो.

स्टिअरिंगवर एअरबॅगच्या झाकणाच्या आसपास बऱ्याच गाड्यांत तीन इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात : एस, आर, एस. सप्लिमेंटल रिस्ट्रेंट सिस्टिम. त्यातला पहिला शब्द महत्त्वाचा. सप्लिमेंटल म्हणजे पूरक. मुख्य काम पट्ट्याचे, एअरबॅग त्याला जोड. पट्टा माणसाला मागे धरून ठेवतो, म्हणून पिशवी फुगायला वेळ आणि जागा मिळते. पट्टा नसेल तर ब्रेक दाबल्याबरोबरच माणूस पुढे सरकतो आणि पिशवी उघडते तेव्हा तो तिच्या तोंडावर असतो.

आता कोणी म्हणेल, एवढी धोक्याची वस्तू असेल तर काढूनच टाकावी. आम्हालाही आधी तसे वाटले. म्हणून हिशेब पाहिला. अमेरिकेच्या सरकारी महामार्ग सुरक्षा खात्याचा अंदाज असा की २०१७पर्यंत त्या देशात पुढच्या एअरबॅगांमुळे ५० हजारांहून अधिक लोक वाचले. समोरून होणाऱ्या टकरीत चालकाचे मृत्यू २९ टक्क्यांनी आणि शेजारी बसलेल्यांचे ३२ टक्क्यांनी कमी झाले, असे तिथल्या अभ्यासात आढळले. दुसऱ्या बाजूला, १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या अपघातांत एअरबॅगच्याच माराने २९०हून अधिक लोक गेले.

बँकेच्या भाषेत जमा ५० हजार, नावे २९०. खाते उघड उघड फायद्याचे आहे. पण नावेच्या बाजूला कोण आहेत ते पाहिले पाहिजे. त्यांतले ८० टक्क्यांहून अधिक लोक पट्टा न लावलेले किंवा नीट न लावलेले होते, आणि त्यांत लहान मुले मोठ्या संख्येने होती. आणि जमेच्या बाजूचा तो ३२ टक्क्यांचा आकडा तेरा वर्षे आणि त्यापुढच्या माणसांचाच आहे. म्हणजे फायदा मोठ्यांच्या खात्यावर जमा होत होता आणि खर्च मुलांच्या खात्यावर पडत होता. म्हणून आमचा निष्कर्ष असा : एअरबॅग हवीच, पण ती कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे.

अमेरिकेने हे कसे शिकले ते सांगण्यासारखे आहे. १९७४ ते १९७६ या काळात तिथल्या एका मोठ्या कंपनीने एअरबॅग ऐच्छिक म्हणून विकून पाहिली. दहा हजारांच्या आसपासच गाड्या खपल्या. पुढे १९९१मध्ये कायदा झाला आणि १९९८ सालच्या मोटारींपासून पुढच्या दोन्ही एअरबॅग सक्तीच्या झाल्या. पण सुरुवातीच्या एअरबॅग पट्टा न लावणाऱ्या सरासरी बांध्याच्या प्रौढ पुरुषाला वाचवण्याच्या हिशेबाने बनवल्या होत्या. त्या इतक्या जोरदार होत्या की मुले आणि ठेंगण्या स्त्रिया त्यांच्या माराने दगावू लागल्या. मग १९९६मध्ये गाडीत ठळक इशारे लावण्याची सक्ती झाली, १९९७मध्ये कमी जोराच्या एअरबॅगांना परवानगी मिळाली, आणि १९९८च्या जानेवारीपासून ठरावीक कारण असलेल्या माणसाला एअरबॅग बंद करायचे बटण बसवून घेता येऊ लागले.

त्या बटणासाठी एक अट होती, ती आम्हाला फार आवडली. सरकारने एक माहितीपुस्तिका काढली होती. ती आपण वाचली आहे, असे अर्जावर लिहून सही करावी लागे. मुलाला मागे बसवायला जागाच नाही, काही वैद्यकीय कारण आहे, किंवा उंची कमी असल्याने स्टिअरिंगपासून दूर बसता येत नाही, असे कारणही सांगावे लागे. सरकारने नागरिकाला नुसते ‘तुझ्या भल्याचे आहे, घे’ म्हटले नाही, आणि ‘तुझे तू बघ’ म्हणून सोडूनही दिले नाही. आधी वाच, मग ठरव, आणि ठरवलेस त्याखाली सही कर. आपल्याकडे शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टर संमतिपत्रावर सही घेतात, तसेच हे.

आपल्याकडे काय झाले? १ जुलै २०१९पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या सीटसाठी ती १ एप्रिल २०२१पासून नव्या मॉडेलांना आणि त्या वर्षाअखेरपासून जुन्या मॉडेलांनाही लागू झाली. जानेवारी २०२२मध्ये सहा एअरबॅगांच्या नियमाचा मसुदा निघाला, पुढे तो वर्षभर लांबला आणि सप्टेंबर २०२३मध्ये सक्ती करणार नाही असे केंद्रीय मंत्र्यांनी सांगितले. सक्ती असावी की नसावी, यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे आहे. सक्ती नसेल तर स्वस्त गाडी घेणाऱ्याच्या जिवाची किंमत कमी धरल्यासारखे होते. सक्ती असेल तर गाडी महागते आणि काही कुटुंबे दुचाकीवरच राहतात. आम्ही त्या वादाचा निवाडा करू शकत नाही. पण त्या सगळ्या चर्चेत एअरबॅग किती, हेच मोजले गेले. तिच्यासमोर कोणी बसायचे आणि कसे बसायचे, हे घराघरांत कोणी सांगितले नाही.

नुसत्या संख्येने भागत नाही, हे आपण पाहिलेले आहे. ४ सप्टेंबर २०२२, तेही गणेशोत्सवाचेच दिवस. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्याला धडकली. गाडी महागडी, एअरबॅग भरपूर. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघे गेले. मागे बसलेल्यांनी पट्टे लावलेले नव्हते. त्याच्याही आधी, २०१४मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या मोटारी आपटून पाहिल्या. पाचही मोटारींना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यांतल्या तिघींचा सांगाडाच इतका कमकुवत निघाला की एअरबॅग बसवली असती तरी उपयोग झाला नसता, असे संस्थेने म्हटले. आता १ ऑक्टोबर २०२३पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू आहे. तिच्यात मोठ्यांच्या सुरक्षेचे तारे वेगळे आणि मुलांच्या सुरक्षेचे वेगळे असतात. गाडी घेताना दोन्ही विचारा. विक्रेता पहिला आकडा आपणहून सांगेल, दुसरा विचारल्याशिवाय बहुधा सांगणार नाही.

आमच्याच गाडीचे सांगतो. गाडी घेतली तेव्हा शोरूममध्ये हार घातला, पेढे दिले, किल्लीची मोठी पुठ्ठ्याची प्रतिकृती हातात देऊन फोटो काढला. गाणी कशी लावायची ते अर्धा तास शिकवले. एअरबॅगबद्दल ‘दोन आहेत’ एवढेच सांगितले. आम्हीही विचारले नाही. पुस्तिका कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत होती, ती वाशीच्या बातमीनंतर पहिल्यांदा बाहेर काढली. आणि पुढच्या सीटसमोर ऊन अडवायची जी झडप असते, तिच्यावर इतकी वर्षे एक चित्र होते : लहान मुलाची खुर्ची, समोर फुगलेली पिशवी आणि त्यावर लाल काट. खाली परक्या भाषांत बारीक अक्षरे. आजीने त्या झडपेच्या आरशात कितीतरी वेळा कुंकू नीट केले असेल. पण त्या चित्राचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला नव्हता.

आता आपल्या हवेविषयी थोडे. ताकाता नावाच्या जपानी कंपनीच्या एअरबॅगांची हकिकत काहींनी वाचली असेल. पिशवी फुगवणाऱ्या डबीत त्यांनी अमोनियम नायट्रेट वापरले होते. उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षे राहिले की ते खराब होते आणि पेटल्यावर धातूची डबीच फुटून तिचे तुकडे माणसाच्या अंगात घुसतात. अमेरिकेत असे दोन डझनांहून अधिक मृत्यू झाले, मलेशियातही झाले. जगभरात दहा कोटींच्या आसपास डब्या परत बोलावल्या गेल्या आणि जून २०१७मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघाली. अमेरिकेत डब्या बदलताना फ्लोरिडासारखे उष्ण-दमट समुद्रकाठचे प्रदेश आधी घेतले. गोव्याची हवा कशी आहे, हे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर चढणारी बुरशी पाहणाऱ्यांना सांगायला नको.

भारतातही काही कंपन्यांनी आपल्या जुन्या मोटारी बोलावून या डब्या फुकट बदलून दिल्या. अडचण अशी की पत्र जाते ते कंपनीच्या नोंदीत असलेल्या मालकाला. आपल्याकडे गाडी हातोहात विकली जाते. मुंबईतल्या भाच्याची गाडी सावंतवाडीला, तिथून डिचोलीला. पत्र कुठे जाणार? वाहने परत बोलावण्याचे सरकारी नियम १ एप्रिल २०२१पासून आले, तेही सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. म्हणून २०१५च्या आधीची किंवा दुसऱ्या हाताची गाडी असेल तर आरसी बुकावरचा चेसिस क्रमांक घेऊन त्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये जा आणि या गाडीचे काही परत बोलावणे बाकी आहे का, असे विचारा. बाकी निघाले तर काम फुकट होते.

आता घरी करायच्या गोष्टी. त्यांना पैसे लागत नाहीत, लागलेच तर थोडे.

बारा वर्षांपर्यंतचे मूल मागच्या सीटवर, त्याच्या मापाच्या खुर्चीत किंवा पट्ट्यात. मागे तोंड करून बसवायची तान्ह्या बाळाची खुर्ची चालू एअरबॅगच्या समोर कधीही ठेवायची नाही. काही गाड्यांत शेजारची एअरबॅग किल्लीने बंद करायची सोय असते, काहींत नसते. आपल्या गाडीत आहे का ते पाहून ठेवा. चौदा वर्षांच्या आतले मूल पट्टा किंवा खुर्ची यांशिवाय नेले तर चालकाला एक हजार रुपये दंड आहे, हेही २०१९च्या दुरुस्तीने कायद्यात आलेले आहे.

गाडी चालवणाऱ्याची छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत २५ सेंटिमीटर तरी अंतर हवे. मोठ्या माणसाची एक वीत आणि वर दोन बोटे. आमच्या सुनेसारख्या उंचीने कमी असलेल्यांनी सीट मागे घेऊन थोडी उंच करावी. गरोदर स्त्रियांनी पट्टा टाळायचा नाही. खालची पट्टी पोटाखालून आणि वरची छातीच्या मधून घ्यायची.

पुढे लोखंडी गार्ड बसवला असेल तर काढून टाका. धडकेचा जोर त्यामुळे सेन्सरपर्यंत नीट पोचत नाही. डिसेंबर २०१७मध्ये केंद्राने राज्यांना अशा गार्डांवर कारवाई करायला कळवलेले आहे. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर जाड कव्हराने ती झाकू नका. पट्टा न लावता घंटी बंद करायला बकलात अडकवायची जी क्लिप मिळते, ती तर घरात नकोच. २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना त्या विक्रीतून काढायला लावल्या, तेव्हा अशा १३,११८ जाहिराती हटवल्या गेल्या. इतक्या विकत होत्या, म्हणजे घेणारेही तितके होते. आणि एअरबॅगचा दिवा गाडी सुरू केल्यावर काही क्षणांत विझला पाहिजे. तो पेटलेलाच राहिला तर गॅरेजवाल्याला ‘नुसता दिवा बंद कर’ असे सांगू नका.

शेवटी बाप्पाचे. आमच्या डॅशबोर्डवर डाव्या बाजूला गणपतीची छोटी मूर्ती चिकटवलेली होती, अनेकांच्या गाडीत असते. त्याच्याच खाली शेजारच्या सीटची एअरबॅग असते. ती उघडली की झाकणावरची प्रत्येक वस्तू समोरच्याच्या तोंडावर येते. विघ्नहर्त्याला आम्ही भलत्या जागी बसवला होता. नमस्कार करून मूर्ती काढली आणि घरच्या देव्हाऱ्यात ठेवली.

मंडळापुढे आमची एकच मागणी आहे. वर्गणीच्या पावतीबरोबर एक छोटा कागद द्यावा, मराठीत आणि कोंकणीत : मूल मागे, पट्टा सर्वांना, डॅशबोर्ड मोकळा. आणि गाडी विकणाऱ्यांकडे आपण सर्वांनी मिळून मागावे की हार-पेढ्यांच्या आधी दहा मिनिटे आमच्या भाषेत हे सांगा आणि सांगितल्याची सही घ्या. आपण मागितले नाही तर ते सांगणार नाहीत. लोक घाबरतील, एअरबॅगाच बंद करतील, अशी भीती काहींना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. माहिती दिली तर माणसे आपल्या मुलांचे नीट पाहतात. आम्हीच बेफिकीर होतो ते माहिती नव्हती म्हणून. आमच्याच आळसाचाही त्यात वाटा होता, तो नाकारत नाही.

या तालुक्यातले आपण लोक खनिजाच्या ट्रकांच्या रांगांमधून मुलांना शाळेत नेत आलो. रस्त्यावरच्या ट्रकाला भ्यायला आम्हाला कोणी शिकवावे लागले नाही, कारण तो दिसत होता. एअरबॅग झाकणाखाली असते. जे दिसत नाही ते सांगावे लागते.

यंदा माटोळीच्या बाजाराला नातू पुन्हा आमच्याबरोबर आला. तो मागे, त्याच्या खुर्चीत, पट्ट्यात. रडला बराच, पुढे बसायचे म्हणून. सामान यंदा डिकीत बसेल एवढेच घेतले. केळीचा घड थोडा दबला. माटोळीला बांधताना शेजारच्या काकूंनी तो पाहिला आणि विचारले, यंदा घड असा कसा? आम्ही त्यांना हीच सगळी हकिकत सांगितली. त्यांचीही मुलगी दुसऱ्या दिवशी बाळाला घेऊन मुंबईहून येणार होती. त्यांनी तिथूनच तिला फोन लावला.



गणपती बाप्पा मोरया!